स्वस्त देशात मुक्काम हलवायचाय? खान्देशातून निघण्याआधीची सविस्तर तयारी

"तठे ऱ्हावाले किती लागस, भाऊ?" (तिथे राहायला किती लागतं, भाऊ?)

परदेशात राहायला जाण्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर दुसरा. आधी विचारायचं ते असं: तो देश मला किती दिवस राहू देईल, कशाच्या जोरावर, आणि उद्या त्याने नियम बदलला तर माझ्याकडे काय उरेल? व्हिएतनाममध्ये घरभाडं कमी आहे, थायलंडात शहाळं स्वस्त आहे, हे कोणताही व्हिडिओ सांगतो. पण स्वस्ताई ही काही राहण्याची परवानगी नाही. म्हणून या लेखात खर्चाइतकंच परवानगीबद्दल लिहिलं आहे, आणि इथे मागे राहणाऱ्या घराबद्दल, शेतीबद्दल आणि खात्यांबद्दल त्याहून जास्त. खान्देशातून निघालेल्या माणसाची खरी अडचण बहुतेक वेळा तिकडे होत नाही, इकडे होते.

आधी घरचा हिशेब: स्वस्त कोणाच्या मानाने?

जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा शिरपूर-चोपड्यासारख्या गावात स्वतःचं घर असेल, शेतातून दादर (रब्बी ज्वारी) आणि गहू येत असेल आणि पेन्शन किंवा दुकान चालू असेल, तर निव्वळ पैसे वाचवण्यासाठी देश सोडण्यात मला अर्थ दिसत नाही. इतक्या कमी खर्चात परदेशात जगता येणार नाही. हवामान, शांतता, वेगळं जग पाहण्याची ओढ ही कारणं चांगलीच आहेत. तीच खरी असतील तर तशीच मान्य करावीत, म्हणजे हिशेबही खरा होतो.

स्वस्त देशाचा फायदा खरोखर होतो तो पुण्या-मुंबईत मोठं भाडं भरून परदेशी किंवा मोठ्या भारतीय कंपनीचं काम घरून करणाऱ्यांना. आखातातून किंवा अमेरिकेतून परतताना थेट गावी न येता मधे काही वर्षं काढू पाहणाऱ्यांनाही होतो. शिवाय ज्यांची मुलं बाहेर आहेत आणि ज्यांच्याकडे पेन्शनीपलीकडे ठेवी आहेत, अशा निवृत्त जोडप्यांना.

एक वही घ्या आणि आजचा बारा महिन्यांचा खर्च लिहा. महिन्याचा नको, वर्षाचा. लग्नकार्यातला अहेर, गाडीचा विमा, दिवाळी, दवाखाना सगळं त्यात येऊ द्या. मग शेजारच्या पानावर तिकडचा खर्च मांडा. या पानावर लोक भाडं, किराणा आणि फिरणं लिहितात आणि थांबतात. त्यात व्हिसाचं शुल्क, आरोग्य विमा, घराची अनामत (थायलंडात सहसा दोन महिन्यांची, वर एक महिन्याचं आगाऊ भाडं), वर्षातून निदान एकदा दोघांचं गावी येणं-जाणं, इथल्या घराची घरपट्टी आणि देखभाल, इथला मोबाइल रिचार्ज आणि सीएची फी घाला. एटीएमचंही लिहा. भारतीय कार्डावर पैसे काढताना थायलंडातली बँक दर वेळी दोनशेहून जास्त बाहत कापते. या सगळ्याची बेरीज बाराने भागून मासिक खर्चात मिळवली की 'अर्ध्या खर्चात राहता येतं' हे वाक्य बहुतेक वेळा टिकत नाही.

आणखी एक. तुमची कमाई रुपयात असेल तर खर्चावर पंधरा-वीस टक्के जादा तजवीज ठेवा. २०२१ च्या सुरुवातीला डॉलर त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर रुपयांना होता, २०२५ च्या डिसेंबरात तो नव्वदीपार गेला. पेन्शन रुपयात आणि भाडं परक्या चलनात असलं की अशी घसरण थेट ताटात उतरते. डॉलरमध्ये पगार असेल तर हाच बदल तुमच्या बाजूने काम करतो. दोघांचा हिशेब एक नाही, म्हणून दुसऱ्याचा अनुभव वाचताना त्याचा पगार कोणत्या चलनात आहे ते आधी बघा.

दुसरी पायरी: राहण्याचा हक्क

इथे थोडा जास्त वेळ थांबू या. खाली दिलेल्या रकमा आणि अटी सरकारं बदलत असतात. अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी इमिग्रेशन संकेतस्थळावर त्या पुन्हा तपासा, एजंटच्या पत्रकावर नाही.

नेपाळ सगळ्यात सोपा. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही, राहता येतं, कामही करता येतं. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. सर्वसाधारण प्रौढ प्रवाशाला आधार कार्डावर विमानात बसता येत नाही, हे लक्षात ठेवा. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाशी १.६० या दराने बांधलेला आहे, त्यामुळे चलनाची धास्ती नाही. जमीन-घर मात्र विकत घेता येत नाही. घरापासून लांब राहणं आपल्याला जमतं का, एवढंच पाहायचं असेल तर पोखऱ्यात काढलेले दोन-तीन महिने पुष्कळ काही शिकवतात. माझ्या मते पहिला प्रयोग तिथेच करावा.

थायलंडचे दोन रस्ते आहेत. वय ५० किंवा जास्त असेल तर निवृत्तांसाठीची परवानगी मिळते. त्यासाठी थाई बँकेत ८ लाख बाहत ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाहत उत्पन्न दाखवावं लागतं. ८ लाख बाहत म्हणजे आजच्या हिशेबाने वीस ते चोवीस लाख रुपये. ते वापरायला मोकळे नसतात. अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण रक्कम खात्यात हवी, उरलेल्या काळातही ती निम्म्याखाली जाता कामा नये. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो आणि मुदतवाढ दर वर्षी घ्यावी लागते. दुसरा रस्ता २०२४ च्या जुलैत सुरू झालेल्या 'डेस्टिनेशन थायलंड व्हिसा'चा, म्हणजे डीटीव्हीचा. थायलंडबाहेरच्या कंपनीचं काम लॅपटॉपवर करणाऱ्यांना तो चालतो. पाच वर्षांची मुदत, एका प्रवेशात १८० दिवस, ५ लाख बाहत शिल्लक असल्याचा पुरावा. घरून काम करणाऱ्या खान्देशी तरुणासाठी सध्या मला हाच सगळ्यात मोकळा रस्ता वाटतो. कंपनीचं लेखी पत्र मात्र हवंच. 'साहेबांना चालतं' हे तोंडी आश्वासन दूतावासात चालत नाही. शिवाय परदेशातून लॉग-इन करायला कंपनीच्या आयटी विभागाची परवानगी वेगळी लागते.

व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांचा मिळतो. शुल्क एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०. देश सुंदर आहे, मुंबईहून थेट विमानं आहेत. पण निवृत्तांसाठी किंवा घरून काम करणाऱ्यांसाठी तिथे वेगळा व्हिसा नाही. दर तीन महिन्यांनी सीमेबाहेर जाऊन परत येणं हा राहण्याचा पाया होऊ शकत नाही. एखाद्या वेळी नवा व्हिसा नाकारला गेला तर घरातलं सामान आत आणि तुम्ही बाहेर. व्हिएतनाम तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी ठेवा.

मलेशियाची जेवणखाणाची सोय आपल्याला जवळची. तमिळ वस्ती मोठी असल्याने शाकाहारी जेवणाला वणवण नाही. पण तिथल्या 'माय सेकंड होम' योजनेची चांदी श्रेणीच दीड लाख डॉलरच्या ठेवीपासून सुरू होते, वर घर विकत घेण्याची अट. सव्वा-दीड कोटी अडकवून स्वस्त देशात राहायचं, हे गणित फार थोड्यांचं जुळेल. तंत्रज्ञानात घरून काम करणाऱ्यांसाठी 'डीई रांटाऊ' नावाचा पास आहे, त्याची उत्पन्नाची अट वर्षाला २४ हजार डॉलर. बालीचं आकर्षण असणाऱ्यांनी इंडोनेशियाच्या दूरस्थ काम व्हिसाची अट आधी वाचावी: वर्षाला ६० हजार डॉलर.

मॉरिशस स्वस्त नाही, तरी त्याचा उल्लेख करतो. तिथे मराठी समाज पिढ्यानपिढ्या आहे, शाळेत मराठी शिकवलं जातं, गणेश चतुर्थीला आणि महाशिवरात्रीला सार्वजनिक सुट्टी असते. घरून काम करणाऱ्यांसाठी आणि पन्नाशी ओलांडलेल्या निवृत्तांसाठी वेगवेगळ्या परवानग्या आहेत. आई-वडिलांना सोबत नेण्याचा विचार असेल तर मी थायलंडआधी मॉरिशसचे नियम वाचेन. म्हाताऱ्या माणसाला चार शब्द बोलायला कोणी मिळणं याची किंमत भाड्याच्या आकड्यात धरता येत नाही.

नोकरी शोधत बाहेर निघणाऱ्या पोरांसाठी हे वेगळं आणि कळकळीने लिहितो. 'थायलंडात डेटा एंट्री, महिना लाखभर, व्हिसा आम्ही काढू' अशी जाहिरात मोबाइलवर आली तर त्या वाटेला जाऊ नका. भारतीय तरुणांना बँकॉकला उतरवून तिथून म्यानमारच्या म्यावाडी भागात किंवा कंबोडियात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला डांबल्याची प्रकरणं २०२२ पासून समोर येत आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल इशारे दिले आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना थायलंडमार्गे हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. परदेशी नोकरीचा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, त्याचं नाव सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर शोधता येतं. त्याला ३० हजार रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेण्याचा अधिकार नाही. शेत गहाण ठेवायला लावून लाखो रुपये मागणारा माणूस तिथेच ओळखू येतो. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, कोणी काहीही सांगो.

तिसरी पायरी: त्या गावाचा वाईट ऋतू पाहून या

डिसेंबरात शेतातल्या भरीत पार्टीला आलेल्या पाहुण्याने जळगावात घर घ्यायचं ठरवावं आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत राहायला यावं, तसं परदेशात पुष्कळांचं होतं. थायलंडातल्या चियांग माईचं नाव सगळे घेतात. पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आजूबाजूचं रान आणि शेतं जाळल्याने तिथे धुराची चादर पसरते. दम्याच्या माणसाने तर ते दिवस बघितल्याशिवाय भाडेकरार करूच नये. व्हिएतनामच्या डा नांग-होई आन पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरला वादळी पाऊस आणि पूर येतात.

म्हणून चाचणीचा मुक्काम वाईट ऋतूत ठेवा आणि निदान महिनाभराचा ठेवा. हॉटेलात नको, स्वयंपाकघर असलेल्या भाड्याच्या घरात. तिथे पर्यटन करू नका. बाजारात जाऊन डाळ, कणीक, कोथिंबीर, दूध आणा. ज्वारीचं पीठ मिळतं का ते विचारा. ताप आल्याचं निमित्त न शोधता एकदा साध्या तपासणीसाठी दवाखान्यात जा, बिल बघा, डॉक्टरशी कोणत्या भाषेत बोलावं लागलं ते लिहून ठेवा. कामाच्या वेळेत इंटरनेट कसं चालतं, वीज जाते का, रात्री शेजारी आवाज किती, हे सगळं राहिल्यावरच कळतं. थायलंड आणि व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे, मलेशिया अडीच तास पुढे, मॉरिशस दीड तास मागे. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्याला पूर्वेकडे सरकलं की रात्र आणखी मोठी होते.

आणि एक प्रवास कागदावर करून बघा. समजा, रात्री नऊला घरून फोन आला की आईला दवाखान्यात नेलंय. तिथून विमानतळ, मुंबईचं पुढचं विमान, मग जळगाव-भुसावळची गाडी किंवा नंदुरबारसाठी सुरतेहून ताप्ती मार्गाची गाडी. दारात पाय ठेवायला किती तास लागतील? तो आकडा घरातल्या सगळ्यांना मान्य आहे का, हे निघण्याआधी बोलून घ्या. भावाभावांत पुढे जे वाद होतात ते या न बोललेल्या गोष्टीवरून होतात.

चौथी पायरी: कागदपत्रं

पासपोर्टची मुदत दीड-दोन वर्षांहून कमी राहिली असेल तर आधी तो नवा करून घ्या, म्हणजे व्हिसा मधेच तुटत नाही. जळगाव-धुळ्यातल्या पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्रात हे काम होतं. सारखं ये-जा असेल तर ६० पानांचा घ्या. ३६ पानांचा १५०० रुपयांना आणि ६० पानांचा २००० रुपयांना मिळतो. फरक थोडा, उपयोग मोठा.

आपल्याकडची हमखास गोची नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारावर दुसरं, आणि बाईंचं माहेरचं नाव पॅनवर तसंच राहिलेलं. सगळीकडे एकच नाव, एकच जन्मतारीख करून घ्या आणि याला काही महिने लागतील असं धरून चला. दुसरी गोची लग्नाच्या नोंदणीची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लग्न झालेल्या अनेक जोडप्यांनी नोंदणी केलेलीच नसते, आणि जोडीदाराच्या व्हिसाला लग्नपत्रिका चालत नाही. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत उशिराही नोंदणी करता येते, साक्षीदार मात्र हयात असतानाच करा.

पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेतूनच मिळतो. त्याला सहसा थोड्याच महिन्यांची ग्राह्यता असते, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा. जन्म, विवाह, पदवीच्या कागदांवर त्या देशाला चालेल असा शिक्का लागतो. देश कागदपत्रं मान्य करण्याच्या हेग करारात असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे साक्षांकनाचा एकच शिक्का, पुरतो, इंडोनेशिया, फिलिपिन्स, जॉर्जिया त्यात आहेत. थायलंड त्यात नाही, तिथे दूतावासाच्या साक्षांकनाची पायरी वाढते. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर आधी करून घ्या.

दुचाकी चालवण्याचा विचार असेल तर एमएच-१९, १८ किंवा ३९, जे तुमचं आरटीओ असेल तिथून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या, तो एक वर्ष चालतो. भारताचा परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचा आहे आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं, त्यामुळे तो तिथे ग्राह्य नाही. विना परवाना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

पाचवी पायरी: पैसा कायद्याने बाहेर नेणं

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. अडचण मर्यादेची नसते, टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते त्या कराची असते. वर्षात १० लाखांपर्यंत काही कापलं जात नाही, त्यावरच्या रकमेवर शिक्षण आणि उपचार सोडून इतर कारणांसाठी २० टक्के टीसीएस लागतो. थाई बँकेत २२ लाख एकदम पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार कापले जातील. ते विवरणपत्रात परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण तोवर अडकतात. तेच १० लाख मार्चअखेर आणि उरलेले १२ लाख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवले तर कपात फक्त शेवटच्या दोन लाखांवर, म्हणजे ४० हजार. म्हणून जाण्याची वेळ आर्थिक वर्षाच्या सांध्याला धरून ठरवावी असं माझं मत आहे.

हवाला किंवा 'तिकडे माझा माणूस पैसे देईल' हा मार्ग अजिबात नको. व्हिसाच्या मुदतवाढीला पैसा बाहेरून बँकेतून आल्याचा पुरावा मागतात, तो अशा पैशाला नसतो.

अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलात की परकीय चलन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या नजरेत तुम्ही अनिवासी होता. मग साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं करावं लागतं. बँकेला न सांगता जुनंच खातं चालवणारे पुष्कळ आहेत, पण ते नियमबाह्य आहे. पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. नवं उघडता येत नाही.

आयकराचा निवास मात्र दिवसांवर मोजतात. भारतात वर्षात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर निवासी, आणि मग जगभरची कमाई इथे दाखवायची. कमी दिवस राहिलात तरी अपवाद आहेत, त्यामुळे फक्त दिवस मोजून निश्चिंत होऊ नका. भारतातलं उत्पन्न १५ लाखांहून जास्त असेल आणि कुठल्याच देशात कर भरत नसाल, तर भारतीय नागरिक म्हणून तुम्हाला इथलेच निवासी धरलं जातं. 'कुठेच कर नाही' सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. निवासी असताना परदेशात उघडलेलं बँक खातं विवरणपत्रात दाखवलं नाही आणि रक्कम मोठी असेल, तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. खात्यात काही हजारच असले तरी ते दाखवा. तिकडेही नियम आहेत. थायलंडात वर्षात १८० दिवस राहिलं की कर-निवासी होतो आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर तिथे कर लागू शकतो. भारत-थायलंड दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्याचा फायदा कसा घ्यायचा हे अशी प्रकरणं हाताळणाऱ्या सीएला विचारा. गावातले सगळे सीए ही कामं करत नाहीत, ते स्पष्ट विचारून घ्या.

सगळे ओटीपी ज्या मोबाइल नंबरवर येतात तो बंद पडला की माणूस आपल्याच पैशापासून तुटतो. तो नंबर रोमिंगसह चालू ठेवा, रिचार्जची तारीख घरच्या एका माणसाकडे द्या, आधारला तोच नंबर जोडलेला आहे ना ते पाहा. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या गुरुजींसारख्या पेन्शनरांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नये. 'जीवन प्रमाण'ने मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. निघण्याआधी गावातच एकदा करून बघा.

सहावी पायरी: शेत, घर आणि सोनं

खान्देशी माणसाने सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते इथे. अनिवासी झाल्यावर भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. आधीची आणि वारसाने आलेली जमीन ठेवता येते. याचा अर्थ असा, की शेजारच्या भावकीचा तुकडा घ्यायचा मनात असेल, तर तो व्यवहार जाण्याआधी पुरा करा. विकायची वेळ आली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. पीएम-किसानचा हप्ताही अनिवासी झाल्यावर घेता येत नाही. तो चालू ठेवला तर पुढे वसुली येते.

सातबारा, आठ-अ, फेरफार काढून बघा. वडिलांच्या नावाचीच नोंद असेल तर वारसनोंद आताच करा. ई-पीक पाहणीत फोटो शेतात उभं राहून काढावा लागतो. तुमचं खातं कोण नोंदवणार ते ठरवा, दुसऱ्याच्या मोबाइलवरूनही ते होतं. केळीचा पीक विमा असो की कापसाच्या नुकसानीचे पैसे, नोंद नसेल तर पुढचं सगळं अडतं. शेत बटाईने किंवा मक्त्याने द्यायचं असेल तर वर्षानुवर्षं तोंडी चालू देऊ नका. कूळ कायद्याची माहिती असलेल्या वकिलाकडून मुदतीचा लेखी करार करून घ्या. नातं कितीही जवळचं असो, कागद झाला म्हणजे नात्यावर अविश्वास नव्हे. कागद नसल्याने तुटलेली नाती आपल्या प्रत्येक गावात आहेत.

कुलमुखत्यारपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवून जा. परदेशातून करायचं झालं तर भारतीय दूतावासात साक्षांकित करून इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकाचं काम करावं लागतं, ती धावपळ कशाला? त्यात काय काय करता येईल हे मोजकं लिहा: भाडं वसूल करणं, घरपट्टी-वीजबिल, पीक विमा, कोर्टात हजर राहणं. विक्रीचा अधिकार सहज देऊ नका.

घर भाड्याने देणार असाल तर करार नोंदवा आणि भाडेकरूला आधीच सांगा, की मालक अनिवासी असल्याने भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून भरावा लागेल. कमी कराचा दाखला आयकर विभागाकडून घेता येतो. बऱ्याच भाडेकरूंना हा नियम माहीतच नसतो आणि नोटीस आल्यावर भांडण होतं.

सोनं. आपल्या सुवर्णनगरी जळगावातल्या बायका चार तोळे अंगावर घालून जाणारच. जे नेणार त्याचं निर्यात प्रमाणपत्र जाताना मुंबई विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून घ्या, म्हणजे परत येताना ते इथलंच होतं हे दाखवता येतं. बाकीचं लॉकरमध्ये ठेवा, आणि लॉकर विश्वासातल्या माणसाबरोबर जोड नावाने करा.

सातवी पायरी: आजारपण

भारतातला आरोग्य विमा बहुतेक वेळा भारतातच चालतो. तरी तो बंद करू नका. खंड पडला तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि मोठं दुखणं आलं की माणूस घरीच परत येतो. तिकडे त्या देशाचा किंवा आंतरराष्ट्रीय विमा वेगळा घ्या. साठीनंतर मधुमेह-रक्तदाबाचा माणूस घ्यायला कंपन्या कचरतात, म्हणून व्हिसाचा अर्ज करण्याआधी विम्याचा होकार मिळवा. माझ्या मते साठीपुढच्या जोडप्याने विमा नाकारला गेला तर बेत वर्षातून तीन-चार महिन्यांवर आणावा. औषधांची चिठ्ठी मूळ रासायनिक नावांनी लिहून घ्या, कारण आपल्या कंपनीचं नाव तिकडे कोणी ओळखत नाही. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर अनेक देशांत बंदी किंवा पूर्वपरवानगीची अट असते, त्या दूतावासाच्या यादीत तपासा.

निघण्याचे शेवटचे महिने

घर एकदम मोडू नका. पहिलं वर्ष एक खोली, एक कपाट, गॅस आणि वीजजोडणी चालू ठेवा. गाडी विकायला हरकत नाही.

सामान कमी न्या. काळा मसाला, बिबड्या, उडदाचे पापड, कोरडा ठेचा हवाबंद पाकिटात जातो. बियाणं, ताजी फळं-भाज्या आणि घरचं तूप-लोणचं यांबद्दल त्या देशाचे नियम वेगवेगळे आहेत, आधी वाचा आणि विमानतळावर विचारलं तर खरं सांगा. बट्टीचा रवाळ आटा सहजी मिळत नाही, पण गहू आणि मिक्सर असला की काम होतं.

पहिला भाडेकरार तीन महिन्यांचाच करा, स्वस्त पडत असला तरी वर्षाचा नको. थायलंडात घरमालकाने तुमचा मुक्काम २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचा असतो, व्हिएतनाममध्ये तात्पुरत्या निवासाची नोंद पोलिसांकडे होते. ही नोंद करायला तयार नसलेल्या मालकाचं घर घेऊ नका, पुढची मुदतवाढ तिथेच अडते. पोहोचल्याच्या आठवड्यात भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा.

दोन माणसांच्या परतीच्या तिकिटाचे आणि गावी तीन महिने बसून खाण्याचे पैसे वेगळ्या ठेवीत टाका. त्या ठेवीला घरातल्या माणसाचं नाव जोडा, नॉमिनी लिहा, आणि पासपोर्टची प्रत, विम्याचा क्रमांक, तिकडच्या घरमालकाचा फोन व कुलमुखत्यारपत्राची प्रत एका फाइलमध्ये घालून ती गावातल्या त्या माणसाच्या हातात द्या. मगच तिकीट काढा.